धाबे, ताटी आणि टिन : बुलढाणा जिल्ह्यातील घरांच्या थंडाव्याचा आणि उबेचा इतिहास

बुलढाणा जिल्ह्यात माणूस कुठला हे सांगताना पुष्कळदा तालुक्याच्या नावाआधी तो घाटाखालचा की घाटावरचा हे सांगितले जाते. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद आणि संग्रामपूर हे पूर्णेच्या खोऱ्यातील तालुके घाटाखाली येतात, तर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा हे घाटावर. जुन्या कागदपत्रांत वऱ्हाडाचे पयनघाट आणि बालाघाट असे जे विभाग आढळतात, त्यांचीच ही बोलीतील रूपे होत. मलकापूर समुद्रसपाटीपासून सुमारे अडीचशे मीटर उंचीवर आहे आणि बुलढाणा शहर सुमारे साडेसहाशे मीटरवर. हवा वर चढताना किलोमीटरमागे सर्वसाधारणपणे सहा ते दहा अंशांनी थंडावत असल्यामुळे या चारशे मीटरच्या चढात मे महिन्याच्या दुपारी दोन-चार अंशांचा फरक पडतो, आणि रात्रीच्या झोपेला तेवढा फरक पुरेसा असतो. १८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आल्यावर पुढच्या दीड दशकात या प्रदेशाच्या जिल्ह्याचे ठाणे बुलढाण्यासारख्या लहान गावी स्थिरावले. तेथील हवा हे त्यामागचे एक कारण होते. कापसाचा व्यापार मात्र घाटाखालच्या उकाड्यातच राहिला.

या दोन्ही पट्ट्यांतील सामान्य माणसाला हवा बदलण्यासाठी गाव सोडणे शक्य नव्हते, म्हणून घराची बांधणीच हवेशी जुळवून घेणारी झाली. आज ज्याला ऊर्जा-कार्यक्षम तंत्रज्ञान म्हणतात, म्हणजे कमीत कमी इंधन किंवा वीज खर्चून घर सोसवेल इतपत गार अथवा उबदार ठेवण्याची युक्ती, ती येथे कित्येक पिढ्या माती, लाकूड, पाणी आणि घडी-प्रहरांचे भान यांच्या आधारे चालत आली. तिच्याबद्दल हळवेपणाने लिहिण्याची प्रथा अलीकडे वाढली आहे. जुने घर इंधन वाचवत होते हे खरेच, पण त्या बचतीची किंमत कोणीतरी अंगमेहनतीने भरत होते, आणि या विषयाचा इतिहास बव्हंशी हा भार कोणावरून कोणावर सरकत गेला याचा इतिहास आहे.

पश्चिम वऱ्हाड, खानदेश आणि मराठवाडा या सलग प्रदेशातील जुन्या घराची ओळख म्हणजे मातीचे सपाट छप्पर होय. मराठवाड्यात त्याला माळवद म्हणतात, खानदेशात आणि वऱ्हाडाच्या या भागात धाबे. नियम ‘धाब्यावर बसवणे’ हा वाक्प्रचार वापरणाऱ्या किती जणांना त्यातले धाबे म्हणजे घराचे छप्पर हे ठाऊक असते, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. धाबे भिंतींवर नव्हे तर मुख्यतः लाकडी सांगाड्यावर पेलले जाई. खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलच म्हणजे आडव्या बसवलेल्या लाकडाच्या पातळ फोडी, त्यांवर पऱ्हाटी, तुराटी किंवा निर्गुडीच्या काड्यांचा दाट थर, आणि त्या साऱ्यावर वीतभर ते हातभर जाडीची चोपलेली माती अशी ही रचना असे. पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उरणारी कापसाच्या झाडाची वाळकी काडी. कपाशीच्या मुलखात ती फुकट आणि मुबलक मिळत असल्यामुळे तिची जागा चुलीतही होती आणि छपरातही. सर्वांत वरचा थर पांढऱ्या, किंचित खारट मातीचा दिला जाई. ही माती पाण्याने लवकर फुगून भेगा बुजवते आणि तिच्यावर गवत सहसा माजत नाही. गावठाणाला ‘पांढरी’ आणि शेतजमिनीला ‘काळी’ म्हणण्याच्या जुन्या रीतीत या दोन मातींचा भेद उमटलेला आहे: काळी माती पिकाची, पांढरी माती वस्तीची. काळी माती उन्हात हातभर भेगाळते, तेव्हा छपरासाठी ती निरुपयोगी ठरते हे गावाला प्रयोगशाळेवाचून ठाऊक होते.

भिंती दीड-दोन हात जाडीच्या, पायाशी दगडाच्या आणि वर पांढऱ्या मातीच्या किंवा कच्च्या विटांच्या असत. देशमुख-पाटलांच्या गढ्या, म्हणजे उंच मातीच्या तटबंदीत बांधलेली वतनदारांची घरे, हे याच बांधकामाचे मोठे रूप होते. बाहेरच्या भिंतींना खिडक्या जवळपास नसतच. उजेड आणि हवा येई ती मधल्या चौकातून, आणि धुराला वाट मिळे ती धाब्यातील सवण्यातून, म्हणजे मडके किंवा खापर झाकून उघडमीट करता येणाऱ्या भोकातून. पावसाचे पाणी काढून देण्यासाठी कडेला पन्हळ्या बसवत. आतील मांडणीला ऋतूंची आणि प्रहरांची जाण होती. रस्त्यालगत ढाळज, म्हणजे दारालगतची बैठकीची जागा, मग चौक, चौकाभोवती ओसरी, तिच्या पाठीमागे माजघर, आणि माजघराच्याही पोटात धान्य साठवण्याचे बळद. जसजसे आत जावे तसतसे बाहेरचे तापमान उशिरा आणि क्षीण होऊन पोहोचे.

या उशिरा पोहोचण्याचे कारण मातीच्या वजनात आहे. उन्हाने तापलेल्या पृष्ठभागावरची उष्णता जाड भिंतीतून लाटेसारखी आत सरकते. भिंत जितकी जाड आणि जड, तितकी ती लाट सावकाश जाते आणि वाटेत विरत जाते. या विलंबाला बांधकामशास्त्रात औष्णिक विलंब म्हणतात. दहा-बारा सेंटिमीटरच्या सिमेंट काँक्रीटच्या स्लॅबमध्ये तो तीनएक तासांचा असतो, म्हणजे दुपारी एकचे ऊन चारच्या सुमारास खोलीत उतरते. दीड हात मातीत तो दहा-बारा तासांवर जातो, आणि दुपारचे ऊन आतल्या बाजूला पोहोचेपर्यंत मध्यरात्र उलटलेली असते. वऱ्हाडातील एप्रिल-मे महिन्यांत दिवस आणि रात्र यांच्या तापमानांत पंधरा अंशांहून अधिक अंतर पडत असल्याने त्या वेळी बाहेरची हवा भिंतीपेक्षा गार झालेली असते, दारे उघडी असली की साठलेली उष्णता बाहेर निघून जाते आणि निरभ्र आकाशाखाली धाबेही आपली उष्णता वर सोडून देते. हीच घडण हिवाळ्यात उलटी उपयोगी पडे, कारण दिवसभर प्यालेले ऊन भिंती रात्री परत देत. थंडावा आणि ऊब यांसाठी दोन वेगळी साधने लागतात ही कल्पना या घरात नव्हतीच.

माणसे मात्र एका जागी बसून राहत नसत. उन्हाळ्यात दुपार माजघरात आणि रात्र धाब्यावर किंवा अंगणात बाजेवर, हिवाळ्यात सकाळ ओट्यावरच्या उन्हात आणि रात्र चुलीच्या आसपास, असा घरातल्या घरात ऋतुमानाप्रमाणे मुक्काम हलत असे. त्याच धाब्यावर उन्हाळ्यात कुरडया, पापड आणि मिरच्यांचे वाळवण पडे. आधुनिक वातानुकूलन सगळ्या खोलीची हवा माणसाच्या सोयीप्रमाणे बदलते, तर येथे माणूसच सोयीची हवा असेल तेथे जाई. इंधनाचा खर्च त्यात शून्य होता. अर्थात ही मोकळीक सर्वांना सारखी नव्हती. घरातल्या पुरुषमंडळींची बाज चौकात किंवा धाब्यावर पडे तेव्हा बाळंतीण, सासुरवाशीण आणि स्वयंपाकीण यांची जागा आतच, चुलीच्या धगीजवळ असे, आणि ज्या माजघराच्या गारव्याचे कौतुक होते त्याच माजघरातील अंधार आणि कोंदटपणा त्यांच्या वाट्याला येई. शिवाय धाब्याचे घर वर्षभर राबवून घेणारे होते. पावसाळ्याआधी छपरावर नवी माती चढवून चोपायची, पहिल्या पावसात गळती शोधून बुजवायची, भिंतींना लिंपण द्यायचे, आणि जमीन आठवड्यातून एकदोनदा शेणाने सारवायची. त्यापैकी माती चढवणे आणि चोपणे पुरुषांकडे असे, लिंपण, सारवण आणि त्यासाठी लागणारे पाणी बायकांच्या डोक्यावर.

सातपुड्याच्या पायथ्याशी, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांतील कोरकू, भिलाला आणि निहाल वस्त्यांत घराचे तत्त्व वेगळे होते. तेथे बांबूच्या किंवा काड्यांच्या कुडाला, म्हणजे विणलेल्या पातळ भिंतीला, शेणमातीचा हलका लेप देत आणि छप्पर गवताचे किंवा कौलांचे करत. असे घर उष्णता साठवत नाही, ती झटकन सोडून देते, आणि झाडांच्या सावलीत, डोंगरउताराच्या वाऱ्यात त्याला साठवणीची गरजही नसते. सपाट काळ्या रानातले घर आणि जंगलालगतचे घर यांची तुलना करून एकाला प्रगत व दुसऱ्याला मागास ठरवण्यात त्यामुळे फारसा अर्थ उरत नाही.

उबेच्या बाबतीत या जिल्ह्याने खोली तापवण्याची स्वतंत्र व्यवस्था कधी केली नाही, कारण कडाका डिसेंबर-जानेवारीतील काही रात्रींपुरताच असे. स्वयंपाकाच्या चुलीची धग तीच घराची ऊब. चुलीची घडण मात्र बारकाईने पाहण्याजोगी आहे. मुख्य चुलीच्या बाजूला वैल नावाचे दुसरे तोंड असते, त्यात वेगळे सरपण घालत नाहीत. मुख्य जाळाची जी धग आणि झळ एरवी वाया गेली असती ती आतल्या वाटेने वैलावर येते आणि तेवढ्यावर वरण शिजते किंवा दूध तापत राहते. वाया जाणाऱ्या उष्णतेचा पुनर्वापर असे ज्याचे आज मोठ्या कारखान्यांत कौतुक होते ते हेच. आंघोळीच्या पाण्यासाठीचा तांब्याचा बंब त्याहून अधिक सुबक होता. त्याच्या मधोमध उभी नळी असून तिच्या तळाशी गोवऱ्या, काड्या किंवा भुसा जाळतात आणि नळीभोवती चारी बाजूंनी पाणी असते, त्यामुळे उघड्या चुलवणावर पातेल्याच्या कडांनी निसटून जाणारी उष्णता येथे पाण्यातच शिरते. असा बंब खातेपित्या घरीच असे, गरिबाकडे चुलवण आणि काळे पडलेले भांडे. रानात आणि खळ्यावर शेकोटी होतीच. घरात माणूस अंथरुणातच ऊब शोधी: धनगरांच्या लोकरीची घोंगडी, जुन्या लुगडी-धोतरांच्या थरांची गोधडी, आणि ऐपत असल्यास पिंजाऱ्याने धनुकलीवर पिंजलेल्या कापसाची दुलई. ज्या मुलखाने मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस पुरवला त्या मुलखातील पुष्कळ घरांत नव्या कापसाची दुलई ही चैन मानली जात असे.

चुलीच्या धुराचा प्रश्न चुलीइतकाच जुना आहे. त्यावर संघटित विचार वऱ्हाडाच्या शेजारी वर्ध्याला झाला. १९३४ अखेर स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने जे. सी. कुमारप्पांच्या पुढाकाराने मगनवाडीत जे प्रयोग केले, त्यांतून धूर नळीवाटे बाहेर काढणारी मगन चूल पुढे आली. त्यानंतर १९८३ च्या सुमारास केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला आणि गावोगाव निर्धूर चुली बसल्या. बऱ्याच ठिकाणी धुराडी तुंबली, चुलीचे तोंड घरातल्या भांड्यांच्या मापाला जुळेना, आणि बायकांनी त्या फोडून पुन्हा वैलाची चूल घातली. सरकारी खात्यांनी या अपयशाचे खापर अज्ञानावर फोडले. प्रत्यक्षात चूल दर काही महिन्यांनी स्वतःच्या हाताने घालणाऱ्या बाईला न विचारता तिची चूल आखली गेली होती. २०१६ पासून उज्ज्वला योजनेतून गॅसच्या टाक्या पोहोचल्या, पण पऱ्हाटी फुकट आणि टाकीला पैसे, या हिशेबाने अंगणातले चुलवण पुष्कळ घरी अजून पेटते.

थंडाव्याचा दुसरा आधार पाणी. पाण्याचे बाष्प होताना ते सभोवतालची उष्णता शोषून घेते. एक लिटर पाणी हवेत विरताना सुमारे २,४०० किलोज्यूल, म्हणजे विजेच्या मापात एका युनिटच्या जवळपास दोन तृतीयांश इतकी उष्णता घेऊन जाते. माठ, रांजण, सडा आणि ओले फडके या सर्वांमागे हे एकच तत्त्व आहे. हवा जितकी कोरडी तितका हा गारवा अधिक, आणि त्याची खालची मर्यादा ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाने दाखवलेल्या अंशापर्यंत असते. मे महिन्यात पारा ४२ वर आणि हवेतील सापेक्ष आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास असताना ही मर्यादा साधारण २२ अंशांपर्यंत उतरते. वऱ्हाडच्या उन्हाळ्याचा कोरडेपणा हा त्याचा क्रूरपणा आहे आणि त्यावरचा उताराही त्यातच आहे.

अक्षय्य तृतीयेला पितरांच्या नावाने पाण्याची घागर आणि विंझणा, म्हणजे हातपंखा, दान देण्याची रीत या ज्ञानाला धर्माची चौकट देते. नवा माठ पुष्कळ घरांत त्याच सुमारास वापरात येतो आणि त्यात वाळ्याची जुडी पडते. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळची प्रसिद्ध घटमांडणी त्याच दिवशी होते, आणि तिच्यातही मध्यभागी पाण्याची घागर असते, मात्र तेथे माणसे गारवा नव्हे तर येणाऱ्या पावसाचे भाकीत शोधायला जमतात.

वाळा हे एका गवताचे सुगंधी मूळ. त्याच्या विणलेल्या जाड पडद्याला ताटी म्हणतात, ती दारा-खिडकीत टांगून भिजवत ठेवली की तिच्यातून येणारी गरम झुळूक गार आणि सुवासिक होऊन आत शिरते. अबुल फजलच्या आइन-ए-अकबरीत अशा वाळ्याच्या दालनांचा उल्लेख आहे आणि तोफेच्या दारूतला सोरा पाणी गार करण्यासाठी वापरल्याचेही वर्णन आहे. त्याच ग्रंथातील वऱ्हाड सुभ्याच्या तपशिलात मेहकर हे सरकारचे, म्हणजे आजच्या जिल्ह्यासारख्या विभागाचे, ठिकाण म्हणून नोंदलेले आढळते. सरदारांच्या घरी याखेरीज दगडी बांधकामाचा आणि जलाशयांचा गारवा असे. जिजाबाईंचे माहेर असलेल्या सिंदखेड राजा येथे लखुजी जाधवांच्या राजवाड्याबरोबर मोती तलाव, चांदणी तलाव आणि पुतळा बारव उभी आहे. बारव म्हणजे पायऱ्यांची खोल विहीर, आणि तिच्या तळाशी ऊन पोहोचत नसल्याने व जमिनीतील तापमान काही मीटर खोलीवर वर्षभर जवळपास स्थिर राहत असल्याने उन्हाळ्यातील दुपारी तेथे गावातल्या कोणत्याही घरापेक्षा अधिक गारवा असतो.

इंग्रजी अमलात ताटीला अधिकाऱ्यांच्या बंगल्यांत जागा मिळाली. उंच छत, चारी बाजूंनी व्हरांडा, दारात वाळ्याची ताटी आणि आढ्याला टांगलेला झालरीचा पंखा असा तो थाट होता. या पंख्याला चालवणारी ऊर्जा म्हणजे व्हरांड्यात बसून दिवसभर, आणि पाळीपाळीने रात्रभर, दोरी ओढणारा माणूस, आणि ताटी ओली ठेवणारा दुसरा माणूस. या यंत्रणेत इंधन जळत नव्हते म्हणून तिला कार्यक्षम म्हणायचे असेल, तर त्या दोघांच्या घामाचा हिशेब वेगळा मांडावा लागेल. विजेच्या पंख्याने पंखेवाल्याचे काम संपवले, त्याबद्दल हळहळ करण्याचे कारण नाही.

घरांच्या घडणीवर अधिक खोल परिणाम केला तो रेल्वेने. भुसावळ-नागपूर मार्ग १८६७ पर्यंत नागपूरला पोहोचला, त्यावर मलकापूर, नांदुरा आणि शेगाव ही स्थानके आली, आणि १८७० मध्ये जलंब-खामगाव फाटा सुरू होऊन खामगावची कापसाची पेठ मुंबई बंदराशी जोडली गेली. कापसाच्या गाठी घेऊन गेलेल्या गाड्या परतताना नवे बांधकाम-साहित्य आणू लागल्या. मंगळूरला १८६५ मध्ये बासेल मिशनने सुरू केलेल्या कारखान्याच्या धर्तीची चपटी कौले त्यात होती, आणि इंग्लंडात विकसित झालेला जस्ताचा मुलामा दिलेला नागमोडी पत्राही. वऱ्हाडी बोलीत या पत्र्याला टिन म्हणतात. जिनिंग-प्रेसिंगच्या गुदामांवर तो शोभला, कारण कापसाला उकाडा बाधत नाही. तेथून तो घरांवर आला. टिन हलका, पावसात न गळणारा, दर वर्षी माती न मागणारा आणि पाहुण्यांना सुधारणेची साक्ष देणारा होता, पण त्याला औष्णिक विलंब जवळपास नसतोच. ऊन पडताच तापतो आणि त्याखालच्या माणसावर सरळ झळ सोडतो. धाब्याचे श्रम टिनाने वाचवले आणि त्याबदल्यात उन्हाळ्यातली दुपार घेतली. बहुतेक कुटुंबांनी हा सौदा डोळसपणे केला. ज्याला दर ज्येष्ठात मातीची टोपली डोक्यावर घेऊन शिडी चढावी लागत होती त्याला तो तोट्याचा वाटला नसावा.

धाब्याच्या पडतीची आणखी दोन कारणे होती. सागाच्या तुळया आणि कड्या जंगल-निर्बंधांमुळे व किमतीमुळे सामान्यांच्या आवाक्याबाहेर गेल्या. आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर-उस्मानाबाद भागात किल्लारीचा भूकंप झाला. त्यात सुमारे आठ हजार माणसे दगावली, त्यांपैकी फार मोठी संख्या दगड-मातीच्या जाड, एकसंध न बांधलेल्या भिंती आणि माळवदाची जड माती यांखाली गाडली गेली. जे वजन उष्णता अडवत होते तेच वजन जिवावर उठले. बुलढाणा जिल्ह्याला त्या भूकंपाची झळ तशी पोहोचली नाही, परंतु मातीच्या छपराखाली निश्चिंत झोपण्याची सवय मराठवाड्यालगतच्या घाटावरही ढळली. मातीच्या घरांची थोरवी सांगणाऱ्या लेखनात किल्लारीचा उल्लेख टाळला जातो, ते प्रामाणिक नव्हे.

दरम्यान सरकारी भाषेने आपला निकाल दिला होता. जनगणनेत आणि घरकुलांच्या सर्वेक्षणात मातीच्या भिंती आणि मातीचे छप्पर म्हणजे कच्चे घर, विटा-सिमेंट आणि स्लॅब म्हणजे पक्के घर. १९८५ मध्ये सुरू झालेली इंदिरा आवास योजना आणि २०१६ पासूनची प्रधानमंत्री आवास योजना यांनी गरिबाला गळणाऱ्या छपरातून सोडवले, हे काम मोठे आहे. पण पंचवीस चौरस मीटरच्या घरावर थेट ऊन झेलणारा दहा-बारा सेंटिमीटरचा स्लॅब हे घाटाखालच्या हवेला दिलेले उत्तर नव्हते. दिवसभर प्यालेली उष्णता स्लॅब संध्याकाळी आत सोडू लागतो, म्हणजे माणसे कामावरून परतण्याच्या आणि झोपण्याच्या वेळी. धाब्याने उष्णता पहाटेपर्यंत अडवली, टिनाने ती दुपारीच देऊन टाकली, स्लॅबने मात्र ती नेमकी नको त्या वेळेला पोहोचवली.

ही पोकळी कूलरने भरली. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील ॲरिझोनासारख्या कोरड्या प्रदेशात १९३० च्या दशकात पंखा, पाण्याची टाकी आणि लाकडाच्या किसाच्या ओल्या गाद्या यांची पेटी रूढ झाली. तत्त्व वाळ्याच्या ताटीचेच, वाऱ्याच्या झुळुकीची वाट पाहण्याऐवजी विजेचा पंखा आणि शिंपणाऱ्या माणसाऐवजी लहान पंप. विदर्भात तिचे जे देशी रूप घडले ते पत्र्याच्या पेटीचे, स्थानिक कारागिरांनी बनवलेले आणि खिडकीबाहेर लोखंडी घोड्यावर बसवलेले. त्याच्या तिन्ही बाजूंच्या गवताच्या किंवा वाळ्याच्या गाद्यांना येथे आजही ताट्याच म्हणतात, आणि मार्च महिन्यात ताट्या बदलणे हे वर्षाच्या कामांत मोडते. कूलर साधारण दीडशे ते अडीचशे वॅट वीज घेतो, दीड टनाचे वातानुकूलन यंत्र सुमारे पंधराशे वॅट. कोरड्या हवेत ४२ अंशांची हवा २७-२८ पर्यंत उतरवणाऱ्या या साधनाला विजेच्या हिशेबाने तोड नाही असे सहज म्हणता येते. जूनचे ढग आले की मात्र ते निकामी होते, कारण ओल्या हवेत पाणी फारसे विरत नाही, उलट घर दमट होते. पत्र्याची पेटी, पाणी आणि सैल तार यांच्या एकत्र येण्याने विजेचा धक्का बसून दर उन्हाळ्यात विदर्भात माणसे मरतात, हाही या साधनाच्या इतिहासाचा भाग आहे.

वीज वाचवणारा कूलर पाणी खर्च करतो, तासाला दहा लिटर सहज, आणि या जिल्ह्यात पाणी हीच अडचणीची वस्तू. शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद आणि नांदुरा तालुक्यांतील बरीच गावे पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात आहेत. तेथील भूजल इतके खारट की ते पिण्यालाही योग्य नसते. असे पाणी कूलरमध्ये फिरले की बाष्प उडून जाते, क्षार ताटीवर बसतात, आणि एका मोसमात ताटी दगडासारखी कडक होऊन हवा अडवू लागते. माठाचेही तेच होते, त्याची बारीक छिद्रे क्षारांनी बुजली की पाणी पाझरत नाही आणि गार होत नाही. घाटावर पाणी गोडे आहे, पण उन्हाळ्यात ते टँकरने येते. २००५ नंतरच्या सात-आठ वर्षांत महाराष्ट्रात जे दीर्घ भारनियमन झाले त्यात कूलरही बंद आणि स्लॅबखाली थांबणेही अशक्य अशी स्थिती ग्रामीण भागाने भोगली. माणसे पुन्हा अंगणात बाजा टाकून झोपली.

वातानुकूलनाचा प्रवेश या जिल्ह्यात उशिरा झाला. विलिस कॅरियरने १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यासाठी, कागद दमटपणाने बिघडू नये म्हणून, आखलेली यंत्रणा शंभर वर्षांनी तालुक्याच्या दवाखान्यांत, बँकांत आणि मग दुकानदार-नोकरदारांच्या एका खोलीत आली. २००१ च्या ऊर्जा संवर्धन कायद्यानुसार उभ्या राहिलेल्या ऊर्जा दक्षता ब्यूरोने २००६ मध्ये तारांकनाची पद्धत सुरू केली, आणि यंत्रावरचे तारे मोजून ते घेण्याची सवय खामगाव-मलकापूरच्या दुकानांतही रुळली. घराचे तारे मात्र येथे कोणी मोजत नाही. पाच ताऱ्यांचे यंत्र उघड्या स्लॅबखाली बसवले तर ते त्या स्लॅबशीच रात्रभर झगडत राहते.

घराचे मोजमाप करण्याचा प्रयत्न ब्यूरोने डिसेंबर २०१८ मध्ये इको-निवास संहितेत केला. छपराच्या दर चौरस मीटरमधून, आत-बाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असताना, किती वॅट उष्णता पार होते या अंकाला तिने कमाल १.२ ची मर्यादा घातली. बांधकाम-साहित्याच्या सर्वसाधारण गुणांकांवरून ढोबळ हिशेब केला तर काड्यांच्या थरावर फूटभर माती असलेल्या धाब्यासाठी हा अंक ०.९ च्या आसपास येतो, आणि उघड्या स्लॅबसाठी चारच्या जवळ. कागदोपत्री कच्चे असलेले छप्पर संहितेत उत्तीर्ण होते आणि पक्के छप्पर तिपटीहून अधिक अंतराने नापास. व्यवहारात यातून काही बदलत नाही, कारण संहिता पाचशे चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडावरील निवासी इमारतींसाठी आहे आणि गावठाणातील घर तिच्या कक्षेत येतच नाही.

गावठाणातल्या घरावर त्याऐवजी जे दिसते ते असे: मार्च सरता सरता टिनावर आणि स्लॅबवर चुन्याचा पांढरा हात फिरतो, हिरवी जाळी ताणली जाते, ओली पोती पसरली जातात, आणि ज्यांच्या शेतात अजून कपाशी आहे ते पऱ्हाटीचे भारे वर चढवून दगडांनी दाबून ठेवतात. घाटावरच्या ज्या शिवारांत गेल्या तीसएक वर्षांत सोयाबीनने कपाशीची जागा घेतली, तेथे छपरावर टाकायला पऱ्हाटी उरलेली नाही, आणि सोयाबीनचे कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, पहिल्याच वावटळीत उडून जाते.